डोंगराची ओल मोजताना

अमेरिकेत मी नऊ वर्षं सरकारी पगार घेऊन झुडपांच्या फांद्या कापल्या, वाळवल्या आणि त्यांची वजनं केली. नोकरीचं याहून लांब वर्णन करायला गेलं की समोरच्याचे डोळे मिटायला लागतात, हे मला लवकरच कळलं होतं. सनीव्हेलच्या आमच्या मराठी मंडळींत जो तो चिपच्या कंपनीत. माझा नवरा अविनाशही त्यातलाच. नवीन कुणी भेटलं की तो म्हणायचा, "मी चिप डिझाइन करतो, आणि ही डोंगर कधी पेटणार ते सांगते." ऐकणारा माझ्याकडे ज्योतिषाकडे बघावं तसं बघायचा. एका गृहस्थांनी तर तळहातही पुढे केला होता.

दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी वणव्याची गोष्ट वाढायची म्हणजे जरा धाडसच आहे. पण ज्या वर्षाची गोष्ट मला सांगायची आहे, त्यात वणव्याइतकाच स्वयंपाकघराचाही हात होता, तेव्हा चालून जाईल.

आधी धंदा समजावून सांगते. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर खांद्याएवढं उंच, दाट झुडपी रान असतं. त्यात चमीस नावाचं झुडूप सगळ्यात जास्त. सुईसारखी बारीक पानं, हाताला तेलकट लागणारी, उन्हात औषधाच्या दुकानासारखा वास येणारी. हिवाळ्यात पाऊस पडतो तेव्हा ते पाणी पिऊन टुमटुमीत होतं. मग एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत आभाळातून थेंब नाही, आणि झुडूप महिन्या-महिन्याने सुकत जातं. वरून बघाल तर हिरवंच दिसतं. हीच त्याची लबाडी. ओलं सरपण पेटत नाही हे चुलीशी बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं, पण उभं हिरवं झुडूप आतून किती सरपण झालंय, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी माझ्यासारखी बाई लागते.

दर पंधरा दिवसांनी भरदुपारी डोंगरावर जायचं, ठरलेल्या झुडपांच्या कोवळ्या फांद्या कात्रीने कापायच्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरायच्या आणि लॅबमध्ये आणून वजन करायचं. मग झाकणं काढून चोवीस तास शंभराच्या वर तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवायचं आणि पुन्हा वजन करायचं. जेवढं कमी झालं तेवढं पाणी. कोरड्या फांदीच्या शंभर ग्रॅममागे ऐंशी ग्रॅम पाणी निघालं, तर ओल ऐंशी टक्के. पावसाळ्यानंतर हा आकडा शंभराच्याही वर जायचा, आणि आमच्याकडे जेवायला आलेल्या इंजिनियर मंडळींचा घास तिथे अडकायचा. "शैला, शंभराच्या वर पर्सेंट कसे असतील? समथिंग इज राँग, यार." त्यांना समजावता समजावता माझी आमटी कितीदा निवली असेल. असो. शरदात आकडा साठाच्या आसपास उतरला, की डोंगर म्हणजे नुसता काडीची वाट बघत बसलेला.

मी मूळची नागपूरची. नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "तुम्ही कधी वणवा पाहिला आहे का?" मी म्हटलं, दर उन्हाळ्यात. आमच्याकडे मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि कधीकधी तो हाताबाहेर जातो. मुलाखत घेणारे तिघे खुर्चीत पुढे सरकले. फुलं वेचण्यासाठी रान जाळतात, ही गोष्ट त्यांनी माझ्याकडून अर्धा तास ऐकून घेतली. पीएचडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

नोकरीतलं सगळ्यात कठीण काम फांद्या कापण्याचं नव्हतं. तिथे विषारी पाल्याने अंगावर फोड यायचे, दोनदा खुळखुळ्या साप आडवा गेला, पण झुडपं आणि साप निदान वाद घालत नाहीत. कठीण काम माणसांचं. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टर काकांनी डोंगरावर घर घेतलं होतं आणि छपरावर निलगिरीच्या फांद्या टेकलेल्या. मी म्हटलं, काका, हे झाड म्हणजे तेलाचा डबा आहे, कापून टाका. काका दुखावले. "अगं, बॉटनीवाली तू, आणि झाड तोडायला सांगतेस?" वर काकूंनी मला चिवडा देऊन माझं तोंड बंद केलं. सहा महिन्यांनी इन्शुरन्सवाल्यांचं पत्र आलं आणि फांद्या आठवड्यात गेल्या. माझ्या पीएचडीला जे जमलं नाही ते एका पाकिटाने केलं.

पण डॉक्टर काका परवडले, असं म्हणायची पाळी एलनोरने आणली.

एलनोर सत्तरीची, एकटी राहायची. शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली. डोंगराच्या धारेवर तिचं लाकडी घर होतं. तिच्या नवऱ्याने ते स्वतःच्या हाताने बांधलेलं, अगदी खिडक्यांच्या चौकटीसुद्धा त्यानेच रंधून केलेल्या. घराखालचा सगळा उतार जुन्या, वाळक्या चमीसने भरलेला होता. खालच्या दरीत आग लागली तर ती त्या उतारावरून धुराड्यातून वर यावी तशी थेट तिच्या ओट्यावर येणार, हे कुणी शाळकरी पोरही सांगू शकलं असतं.

यावर आमच्याकडे उपाय होता. काट्याने काटा काढायचा. ओल पुरेशी असताना, वारा नसताना, माणसं आणि पाण्याच्या गाड्या उभ्या करून तो उतार आपणच ठरवून जाळायचा. मग शरदातल्या खऱ्या आगीला तिथे खायला काही उरत नाही. मात्र ओल नेमकी हवी. फार असेल तर पेटत नाही, कमी असेल तर आवरत नाही. ती नेमकी आहे की नाही हे सांगणं माझं काम, आणि जाळणं बर्टचं. बर्ट म्हणजे जाळणाऱ्या तुकडीचा मुकादम. अंगाने आडवा, झुपकेदार मिशीचा आणि बोलायला महाग. पण उतार एलनोरच्या मालकीचा, त्यामुळे तिची सही हवी. ती देईना.

कारण खरं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी शेजारच्या माणसाने असाच आपला कचरा 'ठरवून' जाळला होता. तो आवरला नाही आणि एलनोरच्या नवऱ्याचं सुतारकामाचं शेड हत्यारांसकट गेलं. त्यानंतर त्याने रंधा हातात धरला नाही. "त्या माणसालाही खात्री होती," एलनोर मला पहिल्या भेटीत म्हणाली आणि तिने जाळीचं दार लावून घेतलं.

मी दोन वर्षं तिच्याकडे जात राहिले. नमुने घ्यायचे म्हणून त्या उताराला जायचंच असे, परतताना तिचं दार वाजवायचं. आधी ती जाळीमागून बोलायची. मग ओट्यावर खुर्ची मिळाली. मग चहा. शंभरावरच्या टक्क्यांवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्याच दिवशी आमची मैत्री झाली. गणिताच्या बाईंना व्याख्या पटवून दिली की त्या ती मानतात, आमच्या इंजिनियरांसारखं पुढच्या पार्टीत पुन्हा पहिल्यापासून सुरू करत नाहीत. शेवटी तिने अट घातली. "प्रत्येक आकडा मला दाखवायचा. चांगला असो, वाईट असो. माझ्यापासून एकही लपवायचा नाही." मी कबूल केलं. त्या मार्चमध्ये तिने सही केली. सही करण्याआधी तिने कागद दोनदा वाचला, आणि त्याचं मलाच जास्त दडपण आलं. तिचं अख्खं घर माझ्या डब्यांमधल्या फांद्यांवर टेकलं होतं.

आता मिरच्या.

त्याच महिन्याच्या अखेरीला मंडळाचा गुढीपाडवा होता आणि दहीबुत्तीबरोबर सांडगी मिरची मी करीन, असं मी छातीठोकपणे सांगून बसले होते. दोनशे मिरच्या. चिरून, मेथी-धण्याचा मसाला दह्यात कालवून भरलेल्या. आमच्या अपार्टमेंटला गच्ची नव्हती. बाल्कनीत परातीत ठेवल्या, तर मॅनेजरबाई वर येऊन म्हणाली, बाल्कनीत अन्न ठेवायचं नाही. तशातही ठेवल्या असत्या, पण आठवडाभर नुसते कोरडे ढग. ना पाऊस, ना ऊन. मिरच्या वाळायच्या ऐवजी आंबायला लागल्या. माझी सहा वर्षांची लेक केतकी नाक दाबून म्हणाली, "आई, समथिंग डाइड इन द किचन."

शनिवारी सकाळी मी त्या परातीकडे बघत उभी होते, आणि मला आठवलं की माझ्याजवळ एक भलंमोठं, उत्तम, सरकारी ओव्हन आहे.

तुम्ही हसाल, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आदल्या दिवशी एलनोरच्या उतारावरून आणलेले नमुने त्यात वाळत होते, दुपारी त्यांचं वजन करायला जायचंच होतं. शनिवारी तिथे चिटपाखरू नसतं. मी दहाच्या सुमाराला खालच्या फळीवर मिरच्यांच्या दोन पराती सरकवल्या, बाजारहाट करून आले आणि तीन वाजता पराती बाहेर काढल्या. मिरच्या अशा खुटखुटीत वाळल्या होत्या, की नागपूरच्या उन्हाने तोंडात बोट घालावं. मग नमुन्यांची वजनं केली, वहीत लिहिली आणि गाणं गुणगुणत घरी आले. सोमवारी झाडलोट करणाऱ्याची चिठ्ठी ओव्हनला चिकटवलेली मिळाली, की या खोलीतल्या वायूने माझे डोळे सुजले आहेत, हा कसला प्रयोग आहे ते कळावं. मी ती हळूच पर्समध्ये टाकली.

त्या चिठ्ठीच्या शेजारीच ओव्हनच्या दारावर आणखी एक कागद होता. शिकाऊ विद्यार्थ्यांसाठी मीच लिहून लावलेला. 'नमुने वाळत असताना ओव्हनमध्ये काहीही ओलं ठेवू नये.' ओल्या वस्तूची वाफ वाळणाऱ्या फांद्यांमध्ये शिरते, त्या पुऱ्या वाळत नाहीत, वजन जास्त भरतं आणि हिशेब चुकतो. हे मी वर्षातून चार वेळा शिकवत असे. पण मिरच्या म्हणजे घर, आणि नमुने म्हणजे नोकरी. माझ्या डोक्यात ही दोन कपाटं वेगळी होती, आणि एकातली वाफ दुसऱ्यात जाईल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

उतार जाळण्यासाठी आम्ही ओलीची खालची हद्द पंच्याहत्तर ठरवली होती. माझा आकडा आला एकाहत्तर. त्या वर्षी पाऊस कमीच झाला होता, त्यामुळे तो कुणाला खटकला नाही. मलाही नाही. बर्टने गुरुवारी ठरलेलं जाळणं रद्द केलं, चाळीस माणसं परत पाठवली. मी एलनोरला आकडा दाखवला. तिने सुस्कारा सोडला. तिला मनातून बरंच वाटलं असावं.

रविवारी पाडवा. शाळेच्या हॉलमध्ये दीडशे माणसं, आणि माझ्या मिरच्यांवर उड्या पडल्या. दूरच्या प्लेनो गावाहून आलेले कुणी पाहुणे तर चार मिरच्या रुमालात बांधून घेऊन गेले. मी हवेत. देवकाकू म्हणून आमच्यातल्या वडीलधाऱ्या होत्या, पुण्याच्या, पापड-कुरडयांतल्या अधिकारी. त्यांनी एक मिरची मोडून बघितली, कानाशी धरून तिचा आवाज ऐकला आणि विचारलं, "शैला, ऊन नव्हतं गं आठवडाभर. वाळवल्यास कशा?"

"काकू, लॅबच्या ओव्हनमध्ये!" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. "पाच तासांत. दार बंद करून टाकलं की झालं."

"दार बंद करून?" काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या. "एवढं दही भरलेलं, पाव किलो तरी पाणी सुटलं असेल. मग ते पाणी गेलं कुठे?"

माझ्या हातात दहीबुत्तीचा डाव होता. तो तसाच राहिला. पुढे ताट धरून उभा असलेला माणूस दोनदा "थोडंसंच" म्हणाला, मला ऐकूच आलं नाही. पीएचडी माझी, ओव्हन माझं, दारावरचा कागद माझा, आणि प्रश्न विचारला देवकाकूंनी.

सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी लॅब गाठली. निकालानंतरही पंधरा दिवस नमुने टाकून द्यायचे नाहीत असा आमचा नियम होता, त्याने मला वाचवलं की बुडवलं ते तुम्हीच ठरवा. तेच डबे पुन्हा रिकाम्या ओव्हनमध्ये ठेवले. मंगळवारी वजन केलं. फांद्या आणखी हलक्या झाल्या होत्या. नव्याने हिशेब केला. ब्याऐंशी. गेला गुरुवार जाळायला अगदी योग्य दिवस होता, आणि मी तो दोनशे मिरच्यांसाठी घालवला होता.

संध्याकाळी अविनाशला सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. "अगं, मग प्रॉब्लेम काय आहे? नवीन सँपल घे, नवीन नंबर दे, नवीन डेट. कोणाला कळणारे?"

"नव्या तारखेला एलनोरची नवी सही लागते."

"मग तिला सांग, वेदरमुळे कॅन्सल केलं होतं."

"मी तिला शब्द दिलाय, एकही आकडा लपवणार नाही म्हणून."

"आणि तिने सही नाही केली तर?"

खरं सांगितलं तर ती म्हणणार, तुलाही खात्री होती. उतार तसाच राहणार, आणि सप्टेंबर काही माझ्या लाजेसाठी थांबणार नव्हता. खोटं सांगितलं तर सही मिळणार, घर वाचण्याची शक्यता वाढणार. माणसाच्या भल्यासाठी खोटं बोलावं की नाही यावर लहानपणापासून इतकी कीर्तनं ऐकली होती, पण मिरच्यांचा दाखला त्यात कुठे आला नव्हता.

बुधवारी आधी बर्टकडे गेले. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. बराच वेळ मिशी चोळली.

"किती मिरच्या?"

"दोनशे."

"चाळीस माणसं," तो म्हणाला. "म्हणजे माणशी पाच." आणि त्याचं पोट हलायला लागलं. आवाज न करता हसायची त्याची पद्धत होती. मग डोळे पुसून म्हणाला, "म्हातारीला तू सांगणार?"

"मीच."

"मग मी गाडीत बसतो. ती मला बघितल्यावर जास्त चिडते."

एलनोर ओट्यावर होती. मी बसलेसुद्धा नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मिरच्या, दही, वाफ, देवकाकू. दोन्ही वजनांचे कागद तिच्यापुढे ठेवले. ती आत जाऊन पेन्सिल घेऊन आली आणि दोन्ही हिशेब तिने पहिल्यापासून स्वतः करून पाहिले. एकेक ओळ. खाली बर्ट गाडीत बसून छपराकडे बघत होता.

"गणित दोन्हीकडे बरोबर आहे," शेवटी ती म्हणाली. "वजन चुकलं होतं."

"हो."

"यात तुला कुणी पकडलं?"

"दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. देवकाकूंनाही नाही."

तिने चष्मा काढला. "तीस वर्षं मी वह्या तपासल्या. ज्या मुलाच्या वहीत एकही खाडाखोड नसते, तो शेजारच्याचं बघून लिहितो. आजवर माझ्या दारात जेवढी सरकारी माणसं आली, त्यांतला एकही कधी चुकला नव्हता. तू पहिली." आणि हात पुढे केला. "कुठे करायची सही?"

मी पिशवीत कागद शोधायला लागले आणि तो सापडेना, कारण ती सही करील असं मला वाटलंच नव्हतं. तो गाडीत, बर्टच्या मांडीवर होता. त्याला मात्र वाटलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उतार जाळला. नवे नमुने, रिकामं ओव्हन, आकडा एक्याऐंशी. एलनोर दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती, पायाशी पाण्याने भरलेली बादली घेऊन. बर्टकडे तीन बंब होते, पण बादली ती बादली. आग उतारावरून शहाण्यासारखी चालली, जिथे थांबायचं तिथे थांबली. संध्याकाळी सगळा उतार काळाठिक्कर. एलनोर म्हणाली, "फार कुरूप दिसतंय." बर्ट म्हणाला, "थँक यू, मॅम."

सप्टेंबरात खरी आग लागली. पलीकडच्या दरीत, कशाने ते शेवटपर्यंत कळलं नाही. तीन दिवस वारा पिसाळल्यासारखा होता. ओलीचा आकडा सत्तावन्न. तो मीच फोनवर सांगितला, आणि पलीकडचा माणूस नुसता "ओह" म्हणाला. धारेवरच्या लोकांना खाली आणलं. एलनोर तिच्या बहिणीकडे गेली, जाताना घराला कुलूप लावून किल्ली नेहमीच्या जागी ठेवून गेली म्हणे, बंबवाल्यांना पाणी प्यायचं असेल तर. बर्ट आगीवर होता. रस्ते बंद, धारेवरचे फोन बंद. पलीकडच्या धारेवरची बरीच घरं गेल्याचं कळलं. मी पाच वर्षं ज्यांना पत्र्याचे बिल्ले बांधून जपत होते, ती झुडपं सगळी गेली. त्यांचं वाईट वाटायलाही मला सवड झाली नाही. एलनोरच्या घराचं कुणालाच काही माहीत नव्हतं.

दोन दिवस मी ऑफिसात फोनशी बसून होते. मनात सारखं येई, उतार जाळायला लावला तो मीच. तिथूनच काही झालं असेल तर? आपण काही विसरलो असू तर? एकदा चुकलेल्या माणसाला आपली बरोबर आलेली उत्तरंही संशयास्पद वाटतात.

तिसऱ्या दिवशी धारेवरचा रस्ता उघडला आणि अकराच्या सुमाराला फोन वाजला.

"पडद्यांना धुराचा वास येतोय," एलनोर म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तुम्ही सरकारी लोकांनी याचं काय करायचं ठरवलंय?"

"कुठल्या पडद्यांना?" मी विचारलं.

"स्वयंपाकघरातल्या. पुढच्या खोलीतल्यासुद्धा. सगळ्याच."

म्हणजे पडदे होते. म्हणजे तिच्या नवऱ्याने रंधलेल्या चौकटी होत्या, खिडक्या होत्या, घर होतं. मी फोन कानाला लावून ढसाढसा रडले, आणि ती पलीकडून एकेका खोलीतल्या पडद्यांची तक्रार शांतपणे पुढे सांगत राहिली. मला रडू द्यायला म्हणूनच ती बोलत होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

शास्त्रज्ञ म्हणून हे सांगायलाच हवं, की घर आमच्या काळ्या उतारामुळेच वाचलं असं मी शपथेवर म्हणणार नाही. आग धारेखाली पोचली त्या दुपारी वाराही फिरला होता. मी निम्मं श्रेय वाऱ्याला देते. बर्ट वाऱ्याला काहीही देत नाही. एलनोरने विचारलं, तेव्हा मी तिला निम्म्याचाच आकडा सांगितला.

रविवारी मी आणि केतकी तिच्याकडे गेलो. अंगणात टब मांडून अकरा पडदे धुतले, तीन पाण्यांतून काढले. वास काही गेला नाही. एलनोरने एक पडदा नाकाशी धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "असू दे. आता तो इथलाच झाला." मग खुर्चीवर चढून तिने तो स्वयंपाकघराच्या खिडकीला ओलाच लावला, आणि आम्ही खालून तिची खुर्ची धरून उभ्या राहिलो.